एक गॅझेटिअर, तीन नोंदी

कोरेगाव तालुक्यातल्या पाण्याच्या इतिहासावर काम करताना माझ्या पहिल्या कच्च्या संदर्भसूचीत एकच पुस्तक तीनदा आलं होतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकोणिसावा खंड, सातारा, १८८५. एका नोंदीत लेखक म्हणून या मालिकेचे संपादक कॅम्पबेल यांचं नाव होतं. दुसरीत लेखकाच्या जागी मुंबई सरकार. तिसरीत लेखकच नव्हता, नुसतं 'सातारा गॅझेटिअर' आणि पुढे साल १९६३. त्या साली जिल्ह्याचं सुधारित गॅझेटिअर निघालं आणि मी दोन्ही पुस्तकांतली टिपणं एकाच वहीत उतरवली होती. कोणतं पान कोणत्या गॅझेटिअरचं, हे वहीवरून सांगता येईना. पुन्हा ग्रंथालय गाठलं आणि प्रत्येक तळटीप मूळ पानाशी ताडून पाहिली. त्यात आठवडा गेला.

प्रबंध लिहिणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला असा आठवडा येतो, आणि तो नेमका प्री-सबमिशनच्या तोंडावर येतो. म्हणून पीएचडीला नोंदणी झाली की सिनॉप्सिस लिहिण्याच्याही आधी संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडावं, असं मी भेटेल त्या संशोधकाला सांगतो. निवडायचं कसं, हा आजचा विषय.

या सॉफ्टवेअरचं काम समजायला सोपं आहे. पुस्तकाची, लेखाची किंवा अहवालाची माहिती ठरावीक रकान्यांत एकदाच भरायची: लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक, पानं. वर्डमध्ये लिहिताना जिथे संदर्भ द्यायचा तिथे तो यादीतून उचलून टाकायचा. शेवटची संदर्भसूची सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं. एका नियतकालिकाला एपीए पद्धत हवी असते आणि दुसऱ्याला एमएलए, तेव्हा पद्धत बदलली की तळटिपांपासून सूचीपर्यंत सगळं बदलतं. यामागे सीएसएल नावाची एक खुली व्यवस्था आहे. तिच्या भांडारात दहा हजारांहून अधिक पद्धती आहेत आणि झोटेरो, मेंडेली ही दोन्ही सॉफ्टवेअर तीच वापरतात. त्यामुळे कोणात किती पद्धती आहेत याची तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट एकदाच आणि नीट नोंदवायची, ही शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या. शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या ठिकाणी आला, हे चिठ्ठीवर नोंदलेलं. कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडलं. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षं चालली, त्यासाठी १२५९ पोथ्या धुंडाळल्या गेल्या. तिथे पोथ्यांना लिपीवरून खुणा दिलेल्या होत्या: शारदा लिपीतल्या पोथ्यांना एक अक्षर, देवनागरीतल्यांना दुसरं, ग्रंथ लिपीतल्यांना तिसरं, आणि पुढे क्रमांक. पाठभेदाच्या तळटिपेत तेवढी खूण पुरायची. आजचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीला जी छोटी किल्ली देतं, तिच्यात आणि या खुणेत मला तरी फरक दिसत नाही. आमच्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला. त्यातल्या मोठ्या नोंदींच्या शेवटी दिलेल्या संदर्भांच्या याद्या नव्या संशोधकाने एकदा तरी बारकाईने पाहाव्यात. संगणक हाताशी नसताना ती माणसं किती काटेकोर होती, ते त्या याद्यांत दिसतं.

आता कोरेगावच्या टेबलावर येऊ. सत्यमेव जयते वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा २०१६ साली पहिल्यांदा झाली ती तीन तालुक्यांत: अमरावतीतला वरुड, बीडमधला अंबाजोगाई आणि साताऱ्यातला कोरेगाव. पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळाला. समजा एखादी विद्यार्थिनी याच विषयावर काम करते आहे. तिच्यापुढे काय काय साधनं येतील? जलसंधारणावरचे इंग्रजी शोधनिबंध. जलयुक्त शिवार अभियानाचा ५ डिसेंबर २०१४ चा शासन निर्णय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अहवाल. ग्रामपंचायतीचे ठराव. मराठी दैनिकांच्या सातारा आवृत्तीतल्या बातम्या. श्रमदानाचे व्हिडिओ. शिवारात उभं राहून घेतलेल्या मुलाखती. मराठी पुस्तकं. शोधगंगेवरचे जुने प्रबंध. आणि अर्थातच ती दोन गॅझेटिअर.

यातल्या पहिल्या प्रकाराची काळजी कोणतंही सॉफ्टवेअर घेतं. शोधनिबंधाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो टाकला की लेखकापासून पानांपर्यंत सगळी माहिती आपोआप येते. सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिकं नेहमी अशाच निबंधांवर दाखवतात, आणि कार्यशाळेतून उठलेला संशोधक खूश होऊन घरी जातो. ग्रामपंचायतीच्या ठरावाला मात्र डीओआय नसतो. आपल्याकडच्या सामाजिक शास्त्रांच्या, इतिहासाच्या आणि मराठीच्या संशोधकाची निम्म्याहून अधिक साधनं त्या ठरावासारखीच असतात. ती हाताने भरावी लागतात. म्हणून निवड करताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की हाताने भरलेली, वेड्यावाकड्या आकाराची मराठी नोंद या सॉफ्टवेअरमध्ये नीट बसते का.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे: उद्या सोडायचं ठरवलं तर माझं सगळं सामान घेऊन बाहेर पडता येईल का? पीएचडी चार-पाच वर्षं चालते, पुढे लेखनाची तीसएक वर्षं असतात. सॉफ्टवेअर एवढा काळ तसंच राहत नाही. मेंडेलीची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लंडनमध्ये तीन जर्मन तरुण संशोधकांनी उभं केलेलं हे सॉफ्टवेअर २००८ मध्ये आलं आणि भराभर पसरलं. २०१३ मध्ये एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतलं. २०१८ मध्ये संगणकावरचा त्याचा डेटाबेस कुलूपबंद झाला आणि इतर सॉफ्टवेअरला तो थेट वाचता येईना. २०२१ मध्ये मोबाइलवरची ॲप्स बंद झाली. २०२२ मध्ये जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर नव्याने उतरवून घेणंही थांबलं, त्याच्या जागी दुसरं आलं. नवं चांगलं चालतं, फुकट आहे, साठवणीला २ जीबी जागा देतं. पण वापरणाऱ्यांना आपलं घर दोन-तीनदा हलवावं लागलं, आणि ते कधी हलवायचं हे त्यांच्या हातात नव्हतं.

एंडनोट सर्वांत जुन्यांपैकी, १९८८ पासूनचं. ताकदीचं आहे. वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय संशोधनात हजारो संदर्भ हाताळणाऱ्यांचा त्यावर भरवसा आहे. ते विकत घ्यावं लागतं. तुमच्या विद्यापीठाने परवाना घेतला असेल तर जरूर वापरा, पण पदवी मिळून विद्यापीठाशी संबंध संपल्यावर तो परवाना चालू राहतो का, हे ग्रंथपालांना आधी विचारा. गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राची मंडळी लॅटेकमध्ये लिहितात, त्यांच्यासाठी बिबटेक आणि जॅबरेफ यांची जोडी उत्तम. त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

उरलं झोटेरो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्रात ते २००६ मध्ये तयार झालं. इतिहासकारांनी बनवलं हे मला फार मोलाचं वाटतं, कारण हस्तलिखित, पत्र, नकाशा, मुलाखत, वर्तमानपत्रातली बातमी, प्रबंध अशा प्रत्येक प्रकाराला त्यात वेगळा साचा आहे. त्याचा मूळ कोड खुला आहे. मालकी ना-नफा संस्थेकडे आहे. सगळी माहिती तुमच्या स्वतःच्या संगणकावर राहते, त्यामुळे दुपारी नेट गेलं तरी काम थांबत नाही. आरआयएस किंवा बिबटेक या सर्वमान्य रूपांत सगळी यादी केव्हाही बाहेर काढता येते. कोरेगाव, रहिमतपूर, वाठार स्टेशन इथून काम करणाऱ्या, हातात परवाना नसलेल्या संशोधकाला मी हेच सुचवतो, आणि सुचवताना मनात शंका नसते.

मात्र मराठीत काम करताना झोटेरोही अडतं, आणि ते नेमकं कुठे अडतं हे आधीच माहीत असलेलं बरं.

पहिली अडचण फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव आणि त्या पिढीतल्या इतर फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत तो रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता असतो. तो सॉफ्टवेअरच्या रकान्यात चिकटवला की कचरा दिसतो. नोंद युनिकोडमध्येच हवी. जुन्या फायलींसाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्या हातून जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून रूपांतरानंतर एकदा वाचून काढावं.

दुसरी अडचण नावांची. रहिमतपूरला जन्मलेले नाटककार घ्या. एका ठिकाणी 'कानेटकर, वसंत', दुसरीकडे 'कानेटकर, व. शं.', तिसरीकडे रोमन लिपीत. सॉफ्टवेअरच्या लेखी ही तीन माणसं. एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. शक्य तिथे पुस्तकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर छापलेलं रूप घ्यावं. कुसुमाग्रज किंवा ग्रेस यांच्यासारख्या टोपणनावाला आडनाव नसतं. झोटेरोत नावाचे दोन रकाने एकत्र करून एकच करता येतो, तिथे ते पूर्ण नाव ठेवायचं. संस्थांचंही तसंच. 'भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा' हे दोन रकान्यांत पडलं, तर 'यंत्रणा' हे आडनाव होऊन सूचीत य खाली जाऊन बसतं.

सालाचा घोळ सूचीत हमखास दिसतो. जुन्या पुस्तकावर शके असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवले की इसवी सन येतो, त्यानंतर पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. महिना माहीत नसेल तर सालाच्या रकान्यात हिशेबाने आलेला सन आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात मूळ शके, अशी दोन्ही नोंद ठेवावी. सालाचा आकडा तिथे इंग्रजी अंकांत टाकावा. देवनागरी आकड्यांतलं साल सॉफ्टवेअरला ओळखता आलं नाही, तर सूचीत 'तारीख नाही' अशी खूण छापली जाते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही.

ग्रंथाचा आयएसबीएन टाकून माहिती ओढण्याची सोय आहे, पण मराठी पुस्तकासाठी ती बेताचीच. परदेशी ग्रंथालयांच्या सूचीतून उत्तर आलं तर ते बऱ्याचदा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबं असलेलं येतं. ते पुसून देवनागरीत लिहावं लागतं. पुस्तक हातात घेऊन भरणं याहून लवकर होतं.

आणि शेवटी भाषांची सरमिसळ. प्रबंध मराठीत, संदर्भ दोन्ही भाषांत. पद्धत इंग्रजी ठेवली तर मराठी पुस्तकाच्या नोंदीतही 'आणि इतर', 'संपादक' यांच्या जागी इंग्रजी शब्द पडतात, कारण भाषा सगळ्या दस्तऐवजाला एकच लागू होते. वर्णक्रम लावताना रोमन आधी आणि देवनागरी नंतर येतं, त्यामुळे दोन गट आपोआप वेगळे पडतात. बहुतेक मार्गदर्शकांना मराठी आधी हवं असतं. ते शेवटच्या प्रतीत हाताने वर घ्यावं लागतं. इतकी वर्षं मराठीत संशोधन होत असताना हे हाताने करावं लागावं, याचं मला वाईट वाटतं. सीएसएलची व्यवस्था खुली असल्याने मराठीची कसर भरून काढायला बाहेर कोणाची परवानगी लागत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी आणि संगणकशास्त्र विभागांनी मिळून एक सुटी याला दिली तरी पुढच्या कित्येक पिढ्यांचं काम हलकं होईल.

हाताने भरायच्या नोंदींबद्दल थोडं. शासन निर्णयासाठी 'अहवाल' हा साचा घ्यावा: संस्थेच्या जागी विभाग, क्रमांकाच्या जागी निर्णयाचा क्रमांक, तारीख पूर्ण. शोधगंगेवरचा प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतो. संशोधक उत्साहात प्रत्येक प्रकरणाची वेगळी नोंद करतात आणि एकाच प्रबंधाच्या आठ नोंदी होतात. नोंद एकच करायची आणि आठही फायली तिलाच जोडायच्या. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ भागांचं उलट आहे: तिथे जो भाग वापरला त्याची स्वतंत्र नोंद हवी, नाही तर पान सापडत नाही. आणि गावाचं नाव लिहिताना जिल्हा लिहाच. नुसतं 'कोरेगाव' असं नोंदीच्या खूणचिठ्ठीवर (टॅगवर) लिहिलं की १ जानेवारी १८१८ च्या लढाईचं भीमेकाठचं कोरेगाव, पुण्यातलं कोरेगाव पार्क आणि घेवड्याचं आमचं कोरेगाव एका ढिगात पडतात. वाघ्या घेवड्यावर लिहिणाऱ्या मुलाच्या यादीत लढाईवरचे लेख शिरलेले मी पाहिले आहेत.

एवढं सगळं जमवूनही काम एका जागी हमखास मोडतं, ती जागा म्हणजे डीटीपी सेंटर. सॉफ्टवेअरने वर्डमध्ये टाकलेला संदर्भ हा साधा मजकूर नसतो, त्याच्या पोटात मूळ नोंदीशी जोडणारा धागा असतो. टायपिंगवाले दादा फाइल घेतात, मजकूर आपल्या सवयीच्या फॉन्टमध्ये नव्याने बसवतात, आणि धागे तुटतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपण त्यांना सांगितलेलंच नसतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये स्वतः टाइप करावा. मोबाइलवर मराठी टाइप करणाऱ्या पिढीला ते अवघड नाही. सेंटरकडे फक्त शेवटची, धागे मुद्दाम सोडवलेली प्रत द्यावी आणि जिवंत प्रत घरी ठेवावी. गाइडने परत पाठवलेल्या दुरुस्त्याही त्या घरच्या प्रतीतच कराव्यात.

जागेचा हिशेबही करून ठेवावा. झोटेरोत नोंदींना मर्यादा नाही. पीडीएफ त्यांच्या सर्व्हरवर ठेवायला ३०० एमबी फुकट मिळतात. स्कॅन केलेलं एक जुनं पुस्तकच ५०-६० एमबीचं असू शकतं, तेव्हा ती जागा लवकर भरते. फायली संगणकावरच ठेवून फक्त नोंदी सर्व्हरवर जाऊ द्याव्यात, आणि दर रविवारी झोटेरोचं फोल्डर एका पेनड्राइव्हवर उतरवावं. सॉफ्टवेअर बंद करूनच. ते फोल्डर गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवून तिथूनच चालवू नये, डेटाबेस बिघडतो.

काहींचा समज असतो की हे सॉफ्टवेअर वापरलं की वाङ्मयचौर्याच्या तपासणीत सुटका होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे भाग मोजणीतून वगळले जातात. सूची नीटनेटकी असली म्हणून आतला उचललेला परिच्छेद झाकला जात नाही. उलट आता एक नवाच धोका आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून मिळवलेले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात, आणि सॉफ्टवेअर अशा खोट्या नोंदीलाही अचूक स्वल्पविरामांसह सूचीत बसवून देतं. जी नोंद स्वतः उघडून पाहिली नाही, ती यादीत घेऊ नये.

झोटेरो उतरवून घेतलं की एक दुपार मोकळी काढा आणि आपल्याकडची सर्वांत त्रासदायक दहा साधनं समोर ठेवा, उदाहरणार्थ शके असलेलं पुस्तक, टोपणनावाचा लेखक, शासन निर्णय, सातारा आवृत्तीतली बातमी, वेळूतल्या शेतकऱ्याची मुलाखत, आणि १८८५ व १९६३ ही दोन्ही गॅझेटिअर. दहाही हाताने भरा. वर्डमध्ये दहा वाक्यं लिहून प्रत्येकाचा संदर्भ द्या आणि सूची काढा. मग सगळी यादी आरआयएसमध्ये बाहेर काढा आणि ती फाइल दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. मराठी अक्षरं शाबूत आहेत का, दोन गॅझेटिअर दोनच आहेत का, हे पाहून मग सिनॉप्सिसचं पहिलं पान उघडा.